दुसरं छोटं कुत्रं आणायचंय: घरी ७ वर्षांची स्पिट्झ, बोका आणि बजरिगर आहेत

पारिजात_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरात इंडियन स्पिट्झ मादी (वय ७, वजन ८ किलो, नसबंदी झालेली नाही, शेवटची हीट, म्हणजे माजाचा काळ, जुलैच्या मध्यात संपली), एक बोका (वय ४, नसबंदी झालेला, घरातच असतो) आणि बाल्कनीत बजरिगरची (छोट्या पोपटांची) जोडी.

दुसऱ्या कुत्र्यासाठी दोन पर्याय समोर आहेत. एक, डॅशहाउंडचं (लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातीचं) नर पिल्लू: १० आठवड्यांचं, २ किलोच्या आसपास, सेव्हन-इन-वन या एकत्रित लशीचा एकच डोस झालेला. दुसरा, दत्तक द्यायची ३ वर्षांची छोटी मादी: ६ किलो, नसबंदी आणि लसी पूर्ण, पण इतर कुत्र्यांशी कशी वागते ते नक्की कळलेलं नाही.

कोणतं घ्यावं? गणपती दहा दिवसांवर आलेत, आधी आणावं की नंतर? पहिली भेट कशी घडवायची आणि किती दिवस वेगळं ठेवायचं? सोसायटीत 'एक कुत्रं ठीक, दोन नको' असं तोंडी सांगितलंय, त्याचंही काय करायचं ते सांगा. एका बेडरूमला व्यवस्थित दार आहे, हॉल आणि किचन सलग, फरशी सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड.


गोदाकाठ

गणपतीनंतर आणा. ढोलपथकांचे सराव सुरू झालेत, पुढे दहा दिवस आरत्या, झांजा, पाहुण्यांची ये-जा आणि सताड उघडं दार. नवीन कुत्र्याला पहिले तीन-चार दिवस शांतता मिळाली नाही की ते पलंगाखाली शिरून बसतं आणि ओढून काढायला हात घातला की चावतं. अनंत चतुर्दशीनंतरचा शनिवार धरा. तोवर पिल्लू १३ आठवड्यांचं होईल आणि दुसरा डोस आहे तिथेच होऊन जाईल. एकच अट: मधल्या काळात ते तिथे माणसांत वावरतंय ना, ते बघून या. साधारण १४ आठवड्यांपर्यंत पिल्लाच्या डोळ्याकानावरून जे जातं तेच त्याला पुढे नेहमीचं वाटतं: मिक्सर, कुकरची शिट्टी, झाडू, मांजर. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात नुसतं पडून असेल तर थांबण्यात तोटा आहे. मग लगेच आणा आणि गणपतीत आतल्या खोलीत ठेवा.

एका डोसवर विसंबू नका. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लहान वयातली लस वाया जाऊ शकते, म्हणून दर ३ ते ४ आठवड्यांनी डोस देत १६ आठवड्यांच्या पुढे शेवटचा द्यायचा असतो. रेबीजचा १२ आठवड्यांनंतर. कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं हवं, नुसती तारीख आणि सही चालणार नाही. आणि पिल्लाची आई बघायला मागा. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. या दोन गोष्टी विचारल्यावर समोरचा गडबडला तर तिथून उठा.

आता स्पिट्झ. ७ व्या वर्षी नसबंदी न झालेली मादी आणि घरात नर पिल्लू, म्हणजे तुमच्याकडे मोजका वेळ आहे. नर ६ महिन्यांच्या आसपास पिल्लं घालण्याजोगा होतो. हीट संपल्यावर २ ते ३ महिन्यांनी ऑपरेशन करणं बरं, कारण तेव्हा गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. पिल्लू तेव्हा ४ महिन्यांचं असेल, वेळेत बसतं. ऑपरेशननंतर १० ते १४ दिवस पिल्लू तिच्या अंगावर उडी मारणार नाही अशी सोय करा. तोवर एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: हीटनंतरच्या ४ ते ८ आठवड्यांत मोठ्या वयाच्या मादीला गर्भाशयात पू होऊ शकतो. खूप पाणी पिणं, जेवण टाकणं, उलटी, मागून घाण वासाचा स्राव यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तुम्ही आत्ता नेमक्या त्याच आठवड्यांत आहात.

वेगळं ठेवणं: १४ दिवस. पार्वो (पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा विषाणू) अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा ३ ते ७ दिवस जातात, कधी १४ ही. खोकल्याची साथही याच मुदतीत बाहेर पडते. पहिले पाच दिवस बंद दार, पुढे दारात जाळी, आणि दोन आठवडे वाट्या आणि शी-शूची जागा वेगळी. पहिल्याच आठवड्यात पिल्लाची विष्ठा तपासून घ्या. जंतांचं औषध दिलेलं असलं तरी जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी त्या औषधाने जातीलच असं नाही. मात्र पिल्लाला खोलीत एकटं कोंडू नका, घरातलं कोणीतरी आलटून पालटून जवळ बसा.

फरशी फिनेलने पुसत असाल तर ते आजपासून बंद. फिनेलने पार्वो मरेल याचा भरवसा नाही, आणि फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराच्या लिव्हरला जमत नाही. बोका ओल्या फरशीवरून चालतो आणि पंजे चाटतो. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा, मग १ लिटर पाण्यात ३० ते ३५ मिली साधं ब्लीच, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसा. मळावर ब्लीच निकामी ठरतं, म्हणून साबण आधी. अॅसिडच्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाऊस आहे, गोचीड निघणार. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांच्या औषधांत परमेथ्रिन असतं, ते बोक्यासाठी विष आहे. कुत्र्याला लावून बोका त्याला चिकटून झोपला तरी झटके येऊ शकतात. गावाकडून कोणी गोठ्यातलं गोचिडाचं औषध आणून देईल, त्यातलं डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझ बोक्याला आणि एवढ्याशा पिल्लाला, दोघांनाही घातक. डॉक्टरांना 'घरात मांजर आणि पक्षी आहेत' हे सांगूनच औषध लिहून घ्या.


केशरी_पट्टा

भेटीबद्दल लिहितो. नेटवर सगळीकडे एकच सल्ला असतो: दोघांना बाहेर तटस्थ जागी नेऊन बरोबर चालवा. मोठ्या कुत्र्यासाठी तो अगदी बरोबर, पण लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला रस्त्यावर उतरवणं म्हणजे पार्वो आणि लेप्टोच्या (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा रोग) तोंडी देणं. पावसाळ्यात तर नकोच. पार्किंगही तटस्थ नाही, ती तुमच्या स्पिट्झचीच जागा आहे. रोज वास घेऊन, कोपरे ओले करून तिने ती आपली म्हणून ठरवलेली असते.

म्हणून पिल्लासाठी क्रम असा ठेवा.

पिल्लू यायच्या आधी ८ दिवस रिकामा क्रेट (कुत्र्याचा झोपायचा पिंजरा) त्या बेडरूममध्ये ठेवा, २४ इंची पुरेल. स्पिट्झला तो हुंगू द्या. वाट्यांच्या जागा, झोपायच्या जागा, जाळी, सगळे बदल आत्ताच करा. पिल्लू आलं त्याच दिवशी तिचं अंथरूण हललं तर बिचारी त्याचा राग पिल्लावर काढते.

एक जुना सुती पंचा फाडून दोन तुकडे करा. एक पिल्लाच्या गालांवरून आणि मानेवरून फिरवून आणा आणि तिच्या जेवणाच्या वाटीखाली अंथरा, दुसरा तिच्या गालांवरून फिरवून पिल्लाकडे पाठवा. रोज एकदा. ती वास घेऊन निवांत जेवायला लागली की निम्मं काम झालं.

पिल्लू घरी आलं की ती त्या वेळी बाहेर फिरायला गेलेली असावी. ती परत येईल तेव्हा पिल्लू आधीच दाराआड. दारात समोरासमोर गाठ नको. अरुंद जागेत कुत्र्याला वळून निघून जाता येत नाही आणि मग पहिला पर्याय दात असतो.

सहाव्या दिवसापासून जाळीआड. दोघांत ६ फुटांचं अंतर, दोन्हीकडे एकेक माणूस, दोघांना उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे, ५ मिनिटं, दिवसातून तीनदा. रोज फूटभर जवळ. चौदा दिवस झाल्यावर जाळी काढायची, ती हॉलमध्ये, सोफ्यामागच्या बोळकांडीत नाही. त्याआधी हॉलमधली खेळणी, हाडं, वाट्या सगळं उचललेलं. दोघांच्या छातीच्या पट्ट्याला हलकी दोरी, जमिनीवरून लोळत जाणारी, टोकाचा हाताचा फास कापलेला म्हणजे टेबलाच्या पायाला अडकत नाही. हातात ताणून धरू नका. दोरी ताणली की कुत्र्याची छाती वर येते, समोरच्याला तो पवित्रा वाटतो. ३ सेकंद हुंगलं की नावाने बोलावून घ्या, पुन्हा सोडा.

पिल्लाला कडेवर घेऊन 'बघ, कोण आलंय' करत तिच्या नाकासमोर कधीही धरू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण हीच चूक हमखास होते. वर धरलेल्या पिल्लासाठी ती उडी मारते, पिल्लू घाबरून ओरडतं आणि ते ओरडणंच तिला चेतवतं.

काय बघायचं? लोक शेपटीकडे बघतात, पण स्पिट्झची शेपूट कायम पाठीवर वळलेली असते आणि पाठीवरचे उभे राहिलेले केस त्या दाट लोकरीत दिसत नाहीत. तिचं तोंड बघा. तोंड सैल उघडं, जीभ थोडी बाहेर, तोवर ठीक. ते एकदम मिटलं, ओठांची टोकं पुढे आली, शरीराचा भार पुढच्या पायांवर गेला, श्वास थांबल्यासारखा झाला आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसली, की तुमच्याकडे दोनेक सेकंद आहेत. तेव्हा ओरडू नका. हलक्या आवाजात बोलावून घ्या आणि दुसरीकडे न्या.

गुरगुरली म्हणून रागावूही नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मार खाऊन बंद झाला तर पुढच्या वेळी ती न सांगता चावेल. हवेत तोंड मारणं, पिल्लाला एकदा दाबून लगेच सोडणं हे चालतं, पिल्लाला रीत कळते. दाबून सोडतच नाही, पिल्लू किंचाळतंय तरी तिचा चेहरा ताठच, तर थांबवा आणि पुन्हा जाळीच्या पायरीवर या.

पिल्लू दिवसातले १८ तास झोपतं, ते झोपू द्या. थकलेलं पिल्लू जास्त चावरं होतं आणि ७ वर्षांच्या मादीचा जीव नकोसा करतं. तासभर मोकळं, दोन तास क्रेटमध्ये, असा साधारण हिशेब. आणि फिरणं, जेवण, कौतुक यात पहिला मान तिचा, म्हणजे सवतीमत्सराला निमित्त उरत नाही. पहिले ३ महिने दोघांना एकटं एका खोलीत सोडून बाहेर जाऊ नका.


मनीमाऊ

बोका आणि पक्षी माझ्याकडे.

डॅशहाउंड मुळात बिळातल्या बॅजरच्या शिकारीसाठी तयार झालेली जात आहे. पळणारं काही दिसलं की मागे धावायचं, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून नियम एकच: बोक्यामागे एकदाही पळता कामा नये. एकदा पाठलागाची गोडी लागली की तो खेळ महिनोन्महिने सुटत नाही. बोका खोलीत असेल तेव्हा पिल्लाला छातीचा पट्टा आणि ४ फुटांची दोरी, आणि पिल्लाने बोक्यावरून नजर वळवून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ.

बोक्याचं जेवण ३ फुटांच्या वर हलवा, ओट्याच्या टोकाला किंवा फ्रिजशेजारच्या फळीवर. हॉलमधून बेडरूमपर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येईल अशा दोन-तीन फळ्या ठोका, प्रत्येकी किमान १० इंच रुंद. बोक्याचा शी-शूचा मातीचा ट्रे हा खरा प्रश्न, कारण पिल्लं मांजराची विष्ठा आवडीने खातात. बाथरूमचं दार थोडं किलकिलं ठेवायची युक्ती डॅशहाउंडपुढे चालत नाही, ते अंगाने सडपातळ आणि बिळात शिरायलाच जन्मलेलं. ट्रे उंचावर ठेवा. वॉशिंग मशीनच्या वर जागा असेल तर उत्तम, फक्त ट्रेमध्ये बोका असताना मशीन लावू नका.

आठवडाभर बोका रुसून कपाटावर बसेल, ते होणारच. पण दोन गोष्टींना थांबायचं नाही. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कण्हतोय आणि लघवी येत नाही, तर ती मूत्रमार्ग तुंबल्याची खूण असू शकते. ताणामुळे नर मांजरांत हे होतं आणि दिवसभरात जिवावर बेततं. रात्र असली तरी डॉक्टर गाठा. दुसरं, सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही तरीही तेच, कारण मांजराच्या लिव्हरला उपास सोसत नाही.

बजरिगरचा पिंजरा ५ फुटांवर टांगा, आणि हा बदलही आठवडाभर आधी. खाली सांडलेले दाणे रोज झाडा, पिल्लू ते खातं. रात्री अचानक भुंकलं तर बजरिगर अंधारात पिंजऱ्यावर धडका घेतात, पंख मोडतात. तीन बाजूंनी कापड टाका आणि जवळ मंद दिवा ठेवा. गोचिडाचा कुठलाही फवारा बाल्कनीत मारू नका.


देवळालीकर

गोदाकाठ यांनी पिल्लाचंच गृहीत धरून लिहिलंय, मला ते पटत नाही. ७ वर्षांच्या कुत्रीला चार महिन्यांचा धिंगाणा नको असतो. ३ वर्षांच्या मादीचा आकार, स्वभाव, आरोग्य सगळं समोर असतं, शी-शूचं शिकवायला लागत नाही, आणि नसबंदी-लसी झालेल्या आहेत. अडचण खरी आहे ती मादी-मादी जोडीची. घरातल्या घरातली चिवट भांडणं दोन माद्यांत जास्त होतात. पण ते भेटून तपासता येतं, पिल्लू मोठेपणी कसं निघेल ते तपासता येत नाही.

दत्तक देणाऱ्यांना सांगा की तीन भेटी हव्यात आणि त्यानंतर दोन ते चार आठवडे तात्पुरतं सांभाळून मग ठरवू. भेट कुंपण असलेल्या मोकळ्या प्लॉटवर, सकाळी सहा-साडेसहाला. रस्त्यावर नको, भटकी कुत्री मध्ये आली की सगळं बिघडतं. १५ फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चाला, एक माणूस एक कुत्रं, माणसं आतल्या बाजूला. दोघी जमीन हुंगायला लागल्या की दर पाच मिनिटांनी अंतर तीन फुटांनी कमी करा. समोरासमोर नाही, कमानीत वळून, मागच्या बाजूने वास. तीनही भेटींत एकीचं तोंड मिटलेलंच राहिलं आणि दुसरी सारखी नजर टाळत राहिली तर ही जोडी नको, मग पिल्लू घ्या. एवढी तपासणी न करता 'मादी नको' म्हणून सोडू नका.


पारिजात_इंदिरानगर

मनापासून आभार. आधी तीन भेटी करून बघते. दोन शंका: दोघांच्या खाण्याचं प्रमाण कसं ठरवायचं? आणि भांडण लागलंच तर सोडवायचं कसं?


गोदाकाठ

देवळालीकर यांचं म्हणणं मान्य, तीन भेटींचा मार्ग चांगला आहे.

खाण्याचा हिशेब लोकांना उलटा वाटतो. १३ आठवड्यांचं अडीच किलोचं पिल्लू दिवसाला ४०० किलोकॅलरीच्या आसपास खातं, आणि तुमच्या ८ किलोच्या स्पिट्झला ४७० पुरतात. म्हणजे पिल्लाला कोरडं पपी फूड साधारण १०५ ग्रॅम, चार वेळांत. तिला अडल्ट फूड १२५ ते १३० ग्रॅम, दोन वेळांत. दुसरी मादी आणली तर ६ किलोला १०० ते १०५ ग्रॅम. वाटीने मोजू नका, किचनचा काटा वापरा. स्पिट्झची नसबंदी झाल्यावर तिचं प्रमाण पाचव्या हिश्शाने कमी करा.

जेवण दोन वेगळ्या खोल्यांत, दार लावून, १० मिनिटं, मग उरलेल्यासकट वाटी उचला. पपी फूडमध्ये फॅट जास्त असतं, तिने ते रोज चोरलं तर वजन चढतं आणि स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. चघळायचं हाड जाळीआडच.

आपल्याकडे द्राक्षं आणि कांदा घरात पोत्याने असतात, म्हणून वेगळं सांगतो. द्राक्षं, बेदाणे, मनुके कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात आणि किती चालतील याचा सुरक्षित आकडा नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले. कांदा शिजवलेला असला तरी लाल पेशी फोडतो: कुत्र्यात किलोमागे १५ ते ३० ग्रॅम, मांजरात अवघ्या ५ ग्रॅमपासून. अडीच किलोच्या पिल्लाला अर्धा कांदा भारी पडतो, बोक्याला त्याहून कमी. कांद्याची टोपली जमिनीवरून उचला.


केशरी_पट्टा

भांडणात हात किंवा चेहरा मध्ये घालू नका, मानेचा पट्टा धरायलाही जाऊ नका. किचनमधला मोठा पाट किंवा प्लायचा तुकडा दोघांच्या मध्ये सरकवा. तो आठ दिवस आधीच हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवा. पाट सापडला नाही तर दोघांवर जाड चादर टाका आणि दोन माणसांनी एकेकाचे मागचे पाय धरून मागे ओढा. डॅशहाउंडला मात्र मागचे पाय वर उचलून ओढू नका, त्याच्या पाठीचे मणके त्याला जपावे लागतात. त्याच्यासाठी चादरच.

नंतर निदान २४ तास वेगळं. स्पिट्झची लोकर बोटांनी फाकवून इंच-इंच बघा. दाताचं छिद्र साबुदाण्याएवढं दिसतं, आत खोल असतं आणि दोन-तीन दिवसांत पू होतो. माणसाला दात लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

सोसायटीचं: पशुकल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. प्रत्येक कुत्र्याचा मनपाचा परवाना वेगळा काढा, त्याची आणि रेबीजच्या प्रमाणपत्राची प्रत सेक्रेटरींना स्वतःहून नेऊन द्या. आणि जिन्यात, पार्किंगमध्ये घाण झाली तर लगेच उचला, कारण दुसऱ्या कुत्र्याला होणारा विरोध बहुतेक तिथूनच सुरू होतो.


पारिजात_इंदिरानगर

जाळीसाठी बेडरूमला सेफ्टी डोअर लावायचा विचार आहे, सळ्यांत ४ इंच फट. चालेल का? आणि गुळगुळीत फरशीचं काय?


केशरी_पट्टा

४ इंचांतून पिल्लाचं डोकं जातं आणि मग खांदे अडकतात. खालच्या अडीच फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची कडक जाळी) आतून तारेने बांधा, टोकं तुमच्या बाजूला वळवून. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी नको, ती दातांनी वाकते आणि नख अडकतं.

फरशीवर जिथे दोघं पळणार तिथे रबरी पाठ असलेल्या पट्ट्या अंथरा: दारापासून वाटीपर्यंत आणि सोफ्याच्या पुढे. डॅशहाउंड आणलंत तर सोफ्याला उतरण करा. सोफा १६ इंच उंच असेल तर फळी ४ फूट लांब, १५ इंच रुंद, वर रबरी चटई चिकटवून आणि कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे पाय बाहेर घसरत नाही. जिन्यावरून उचलून न्या, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. काखेत धरून लोंबकळत नेऊ नका.